कोर्टाची पायरी चढावी लागली तर



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आपण नाही चढलो तरी दुसरा ओढून नेतो. तेव्हा घरात बसून राहणारा बुडतो.

गुहागर तालुक्यात वेळणेश्वरला आमचे एक नातलग आहेत. तिथं ऊस नाही. नारळी-पोफळीची वाडी अन् थोडी भातजमीन. चुलतभावाने वाटपाचा दावा लावला. बेलीफ समन्स देऊन गेला. नातलगांनी सही केली आणि "बघू पुढं" म्हणून कागद देवघरात ठेवला. तारखेला ते आजारी पडून दवाखान्यात. दावा एकतर्फी निकाली निघाला आणि विहिरीकडची अर्धी वाडी हातची गेली. दवाखान्याचे कागद जोडून मुदतीत अर्ज केला, म्हणून दावा पुन्हा सुरू झाला. सगळ्यांनाच असं सबळ कारण दाखवता येत नाही. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) समन्स : नाकारलं म्हणून टळत नाही. दारावर चिकटवलं तरी बजावणी धरली जाते. मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुभा देतं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याच्या अर्जालाही ३० दिवसांचीच मुदत आहे. तोडीची तारीख चुकली तर वजन घटतं. कोर्टाची चुकली तर जमीन जाते.

२) कुठं जायचं : वाटणी व मालकी हा दिवाणी कोर्टाचा विषय. शेताची वाट किंवा पाण्याचा पाट अडवला, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करावा. कूळ आहे की नाही, हे १९४८ च्या कूळकायद्याखाली महसूल अधिकारीच ठरवतात. सहकारी संस्थेच्या सभा, कारभार वा व्यवहाराबद्दल सभासदाचा वाद असेल, तर तो कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. चुकीच्या दारात गेलं की वर्षं फुकट जातात.

३) कागद : सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली, असं नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार जपून ठेवावेत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीला वगळून केलेली वाटणी पुढे अडते.

४) कामकाज : कैफियत, मुद्दे, शपथपत्रावर पुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद, मग निकाल. पुष्कळदा दिवसभर बसून नुसती पुढची तारीख मिळते. वैतागू नये, तारीख स्वतः वहीत लिहावी. वकिलांना खरं ते सगळं सांगावं, फीची पावती घ्यावी, कोऱ्या कागदावर सही करू नये.

५) अपील : तालुक्याच्या कोर्टाच्या निकालावर जिल्हा कोर्टात ३० दिवसांत. दुसरं अपील हायकोर्टात ९० दिवसांत, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात सर्किट बेंचचं काम सुरू झालं. वेळणेश्वरचा माणूस आणि आपण आता एकाच दारात.

६) तडजोड : लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फी परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वाचून, समजून सही करावी. १९८७ च्या कायद्याने महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा.

आमच्या नातलगांचा दावा अखेर लोकअदालतीत मिटला. विहीर सामाईक राहिली, वाडी दोघांत वाटली गेली. भावाभावांचं बोलणं मात्र अजून बंद आहे. तेव्हा वाद असेल तर आधी चार माणसांत बसावं, आणि समन्स आलंच तर त्याच दिवशी वकील गाठावा.