वृद्ध आई-वडिलांची देखभाल : खर्च, हिशेब आणि जबाबदारी

सूरह बनी इसराईलच्या २३ व २४ या आयतींत अल्लाहने आपल्या एकत्वाच्या आज्ञेला लागूनच आई-वडिलांशी सद्वर्तनाची आज्ञा दिली आहे, आणि तिथे वार्धक्याचा वेगळा उल्लेख केला आहे. त्या दोघांपैकी एक किंवा दोघेही आपल्याजवळ म्हातारपणाला पोहोचले, तर त्यांच्यापुढे साधा 'उफ्'सुद्धा उच्चारू नये, असे तिथे फर्माविले आहे. यातील 'आपल्याजवळ' या शब्दाकडे भाष्यकारांनी लक्ष वेधले आहे. म्हातारपण आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर येणार आहे, हे तिथे गृहीत धरलेले आहे. जी गोष्ट येणार हे ठाऊक आहे, तिची तयारी न करणे ही श्रद्धावंताची रीत नव्हे.

गेल्या वर्षी इशाच्या नमाजनंतर दोन भाऊ आणि त्यांची बहीण माझ्याकडे आले. वडील चार वर्षे पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते आणि नुकतेच अल्लाहला प्यारे झाले होते. धाकट्या भावाने एक वही पुढे केली. औषधे, फिजिओथेरपी, रात्रीची मदतनीस, डायपर असा चार वर्षांचा खर्च त्याने त्यात लिहून ठेवला होता. त्याचे म्हणणे होते, ''आधी घराच्या किमतीतून माझे पैसे वळते करा, मग वाटणी करा.'' थोरला आखातात नोकरीला होता. तो म्हणाला, ''मीही वेळोवेळी पाठवीतच होतो, पण मी वही ठेवली नाही.'' बहीण खाली मान घालून बसली होती.

मी विचारले, ''हा खर्च उसना म्हणून होता, असे वडिलांशी किंवा भावंडांशी कधी ठरले होते का?'' उत्तर 'नाही' असे होते. तेव्हा मला सांगावे लागले की, आमच्या हनफ़ी फिक्हप्रमाणे कोणत्याही करारावाचून केलेला असा खर्च तबर्रुअ, म्हणजे स्वेच्छेने केलेले दान ठरतो. त्याचा मोबदला अल्लाहजवळ आहे, परंतु वारशातून तो कर्ज म्हणून मागता येत नाही. धाकट्याने वही मिटली. तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. हा प्रश्न चार वर्षांपूर्वी विचारला गेला असता, तर त्याचे उत्तर वेगळे असते.

पहिला प्रश्न : पैसा कोणाचा?

आई-वडिलांच्या देखभालीचा खर्च सर्वप्रथम त्यांच्या स्वतःच्या संपत्तीतून होतो. निवृत्तिवेतन, खोलीचे भाडे, शेतीचे उत्पन्न, दागिने हे त्यांचे आहे आणि त्यांच्या औषधासाठी, सुखासाठी ते खर्च होणे हे योग्यच आहे. 'वडिलांच्या नावावरची जमीन विकली तर आमच्यासाठी काय उरेल?' असा विचार करून उपचार लांबविणे हा अन्याय आहे. माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या मालमत्तेत वारसाचा हिस्सा नसतो.

त्यांच्याजवळ पुरेसे नसेल, तर ऐपत असलेल्या अपत्यांवर त्यांचा नफ़्का वाजिब आहे. सूरह बकराच्या २१५ व्या आयतीत, काय आणि कोणावर खर्च करावा याचे उत्तर देताना अल्लाहने पहिले नाव आई-वडिलांचे घेतले आहे. आई-वडील कष्ट करण्याइतके धडधाकट असले, तरी केवळ गरजू असणे हनफ़ी मतानुसार पुरेसे आहे. म्हाताऱ्या बापाला पुन्हा कामाला जुंपण्याची परवानगी मुलाला नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वारशात मुलाचा हिस्सा मुलीच्या दुप्पट आहे, म्हणून खर्चही त्याच प्रमाणात वाटावा, असे पुष्कळांना वाटते. तर काही घरांत मुलीला या चर्चेतून पूर्णपणे वगळले जाते. 'हिदाया' या ग्रंथात सही म्हणून नोंदविलेले हनफ़ी मत असे की, ऐपत असलेल्या मुलगा व मुलीवर हा खर्च समान आहे. जिची स्वतःची कमाई किंवा संपत्ती नाही, त्या मुलीवर तो नाही. आणि जावयाच्या खिशाचा हिशेब यात धरू नये. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफ़ई आहेत. त्यांनी हे तपशील आपल्या आलिमांकडून समजून घ्यावेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, महिन्याचा खर्च २४,००० रुपये आहे आणि आईला खोलीचे ६,००० रुपये भाडे मिळते. उरले १८,०००. तीन अपत्यांपैकी दोघांची ऐपत आहे, तर प्रत्येकी ९,००० रुपये होतात. तिसऱ्याजवळ पैसा नाही, पण तो आईजवळ राहतो. त्याच्या सेवेला पैशाचे मोल लावता येणार नाही. परंतु इतरांनी ते विसरूही नये.

जकातीबाबतही सावध असावे. आई-वडिलांना जकात देता येत नाही, कारण त्यांचे पोषण आधीच आपल्यावर आहे. सेवा करणारा भाऊ स्वतः जकातीस पात्र असेल, तर त्याला जकात देता येते. मात्र ती रक्कम आई-वडिलांच्या खर्चातील आपला वाटा म्हणून मोजता येणार नाही.

दुसरा प्रश्न : ठरले ते लिहिले का?

कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. नात्यात लिखापढी कसली, असे म्हणणाऱ्यांनी या आयतीवर विचार करावा. भावंडांनी एकत्र बसून एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात : महिन्याचा अंदाजे खर्च किती, तो कोण किती देणार, शस्त्रक्रियेसारखा अचानक खर्च कसा वाटायचा, हिशेब कोण ठेवणार, आणि जो अधिक देईल त्याचा तो अधिकचा पैसा हदिया की कर्ज. कर्ज असेल तर ते कोणावर, तेही लिहावे. आई-वडिलांनी ते मान्य केले असेल, तर त्यांच्या पश्चात वाटणीपूर्वी ते फेडले जाईल. कारण सूरह निसाच्या ११ व्या आयतीनुसार वारशाचे हिस्से वसीयत आणि कर्जानंतरच येतात.

ही बैठक आई-वडिलांची बुद्धी शाबूत असतानाच व्हावी आणि त्यांच्या संमतीने व्हावी. स्मृतिभ्रंश जडल्यावर सहीला अर्थ उरत नाही. आपल्या देशाच्या कायद्यातही मुखत्यारपत्र देणाऱ्याची मती गेल्यास ते मुखत्यारपत्र संपते. म्हणून बँकेचे खाते संयुक्त करणे, कागदपत्रांची यादी करणे ही कामे वेळेवर करावीत. मात्र खात्यावर ज्याचे नाव आहे किंवा ज्याचे नामनिर्देशन आहे तो मालक होत नाही. ती रक्कम सर्व वारसांची अमानत असते.

सरकारी सोयी घेण्यात संकोच नसावा. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळतात. परंतु घरातील दीर्घ शुश्रूषेचा भार त्यातून उचलला जात नाही. त्याची तरतूद कुटुंबालाच करावी लागते.

तिसरा प्रश्न : सेवा कोण करणार?

आपल्या समाजात याचे उत्तर न विचारताच 'सून' असे दिले जाते. शरीअतने सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर कायदेशीर कर्तव्य म्हणून लादलेली नाही. ती जे करते तो तिचा एहसान आहे आणि त्यासाठी ती पतीच्या आणि साऱ्या कुटुंबाच्या कृतज्ञतेस पात्र आहे. सेवेचे कर्तव्य मुलावर आहे. सून सासऱ्यासाठी महरम असली, तरी सतरचे नियम कायम राहतात; म्हणून वडिलांना आंघोळ घालणे, त्यांचे कपडे बदलणे हे शक्यतो मुलाने किंवा पुरुष मदतनिसाने करावे. आईच्या बाबतीत मुलगी वा स्त्री मदतनीस असावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे एका माणसाचे काम नव्हे. पगारी मदतनीस ठेवणे म्हणजे आई-वडिलांना परके करणे नव्हे. पैसे पाठवून वर्षभर विचारपूस न करणे हे मात्र परके करणे आहे.

एका सहाबींनी जिहादची परवानगी मागितली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आई-वडील हयात आहेत का, असे विचारले आणि त्यांच्याच सेवेत जिहाद करण्यास सांगितले. रात्री तीन वाजता वडिलांची चादर बदलणाऱ्या मुलाने ही हदीस आठवावी.

चौथा प्रश्न : सेवा करणाऱ्याला घर द्यावे का?

हा प्रश्न आई-वडिलांकडून वारंवार येतो. वारसाच्या नावे वसीयत चालत नाही, असे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे, इतर वारस वडिलांच्या पश्चात राजी झाले तरच ती अमलात येते. वारस नसलेल्यासाठी, उदाहरणार्थ निष्ठेने सेवा केलेल्या मदतनिसासाठी, एकतृतीयांशाच्या आत वसीयत करता येते. हयातीत हिबा करता येतो, पण त्यासाठी ताबा प्रत्यक्ष द्यावा लागतो, आणि मरणासन्न आजारातील हिब्याला वसीयतीचेच नियम लागतात. हज़रत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एकट्यालाच भेट दिली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यास साक्षी राहण्याचे नाकारले आणि संततीत न्याय करण्याची ताकीद दिली. एखाद्या अपत्याला गरज किंवा सेवा अशा सबळ कारणाने अधिक देण्यास आणि त्यात इतरांचे नुकसान करण्याचा हेतू नसल्यास फ़ुकहांनी वाव ठेवला आहे. पण मुफ्तींचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

सारे घर एका मुलाच्या नावे करून उघड्यावर पडलेले आई-वडीलही मी पाहिले आहेत. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्यानुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. म्हणून अशी अट दस्तात असावी. अट घातलेल्या हिब्याविषयी मुफ्ती आणि वकील दोघांनाही विचारावे. याच कायद्याने दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. हक्क मागणाऱ्या म्हाताऱ्या आईला 'घराची अब्रू घालविली' असे म्हणू नये. अब्रू तिला तिथे जाण्यास भाग पाडणाऱ्याने घालविलेली असते.

त्या रात्री भावंडांना मी आणखी एक गोष्ट विचारली : ''आईची मेहर दिली होती का?'' दिलेली नव्हती. ती वडिलांवरील कर्ज होती. आधी ती फेडायची, मग उरलेल्याचे ४० भाग करायचे : आईचे ५, दोन्ही मुलांचे १४-१४ आणि मुलीचे ७. मेहर आणि आठवा हिस्सा या दोन्हींची मालक त्यांची आई आहे. त्यांचा पहिला उपयोग तिच्या म्हातारपणासाठी. 'माफ कर' असे म्हणून तिच्यावर दबाव आणणे योग्य नव्हे.

थोरल्याने आपल्या १४ भागांतून काही रक्कम धाकट्याला स्वतःहून दिली. बहिणीलाही द्यायचे होते; आम्ही तिला थांबविले आणि आधी आपला हिस्सा ताब्यात घे, मग विचार कर, असे सांगितले. मग त्याच वहीच्या कोऱ्या पानावर तिघांनी आईच्या नावाने नवा हिशेब सुरू केला. या वेळी पहिल्याच ओळीत, कोणाचा पैसा हदिया आणि कोणाचा कर्ज, ते लिहिले गेले.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरी असे पान आज लिहिले गेले आहे का? अल्लाह आपल्या आई-वडिलांवर तशी दया करो, जशी त्यांनी आपल्या बालपणी आपल्यावर केली. आमीन.