गोळी खाणारी एक, मत देणारे दहा

अगं, आमच्या ताईला, म्हणजे तुझ्या आईला, नैराश्यावरची गोळी सुरू झाली हे बरंच झालं. आता ती नेमाने पोटात जायला हवी. मावशीचं थोडं ऐक.

१. 'वेड्याची गोळी' हा शब्द थट्टेतही नको — आमच्या पिढीला ठाणं-येरवडा म्हटलं की गाव नाही, तिथलं इस्पितळ आठवतं.

२. गुण यायला दोन ते चार आठवडे, आमच्या वयात कधी त्याहूनही जास्त लागतात, हे आधीच सांगून ठेव. त्रास येतो रिक्षाने, गुण येतो चालत — मळमळ पहिल्या आठवड्यातच सुरू होते आणि तिथेच गोळी सुटते.

३. शेजारच्या काकू 'सवय लागेल' म्हणतीलच. ती बदनामी झोपेच्या गोळ्यांची, फुकट या गोळीच्या माथी. तरी मनाने एकदम बंद करू नका — चक्कर येते, जीव घाबरा होतो.

४. बरं वाटलं की ती गुपचूप थांबवेल, लेकीचे पैसे वाचवायला! तिच्यासमोर बिल वाचू नकोस, जनऔषधीत स्वस्त मिळते का बघ — बरं वाटल्यावरही निदान सहा महिने तरी गोळी चालू ठेवावी लागते.

५. एकादशीला गोळी चालते का, हे ती विचारणार नाही, नुसती चुकवेल. डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घे — तुझ्यापेक्षा त्यांचा शब्द देवाच्या जवळचा.

६. अंगाऱ्यावरून, भजनी मंडळावरून वाद घालू नकोस. सकाळची गोळी असेल तर देवापुढे दिवा लावला की लगेच दे — दिवा ती विसरत नाही.

७. गुडघ्याची गोळी, रक्त पातळ करणारी, बीपीची, वैद्यांचा काढा, सगळी पिशवी डॉक्टरांपुढे ओत — काहींचं या गोळीशी जमत नाही, रक्तस्राव होऊ शकतो, सोडियम उतरतं. ती बरळायला लागली, तोल जायला लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नकोस, त्याच दिवशी दाखव.

८. तपासणीला गेलात की थोडा वेळ बाहेर बस — लेकीसमोर आई 'सगळं छान' म्हणते.

९. 'आता जगून काय करायचं' हे आम्ही म्हातारी उठता-बसता म्हणतो, तरी दरवेळी शेजारी बसून नीट विचार. खरंच मरणाचं मनात असेल तर तिला एकटी सोडू नकोस, तडक डॉक्टरांकडे ने. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर १४४१६ लाव — टेली-मानस आहे, फुकट, मराठीतही बोलतात.