आपल्याच घरी असं का झालं?

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचा पाठ घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावा. आजी-आजोबांना मोठ्याने वाचून दाखवावा.

बमरोलीतल्या आपल्यापैकी एका घरी दिवाळीनंतर अपघात झाला. घरातला कमावता माणूस रात्रपाळी करून लूमखात्यातून येताना गाडीवरून पडला आणि पाय मोडला. तीन महिने खाटेवर. पगार बंद, भाडं चालू. गावाकडचे नातेवाईक उधन्याला उतरून धावत आले, ते चांगलंच केलं. पण तिसऱ्या दिवशी कुणीतरी हळूच बोललं, "नवी सून आली आणि हे सुरू झालं." दुसरं म्हणालं, "कुलदेवीचं काही राहिलं असेल." पाय मोडला एकाचा आणि मान खाली गेली त्या पोरीची.

भाऊ-ताईंनो, संकटात देवाचा हेतू शोधायला निघालेलं घर बऱ्याचदा इथंच वाट चुकतं. हेतू राहतो बाजूला आणि दोषी कोण याचा शोध सुरू होतो.

आता तुकोबांच्या घरी काय झालं ते बघा. 1630 च्या सुमारास दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे मोठा दुष्काळ पडला. आपली सुरतही सुटली नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या साली सुरतेहून आग्र्याला गेला, त्याने वाटेत पाहिलेली भुकेने मेलेली माणसं लिहून ठेवली आहेत. तिकडे देहूत तुकोबांचं चालतं दुकान त्याच दुष्काळात बसलं. आई-वडील आधीच गेले होते, थोरला भाऊ सावजी घर सोडून गेला होता. आता दिवाळं निघालं, लोकांतला मान गेला, पहिली पत्नी रखमाबाई अन्नासाठी तळमळत गेली आणि लहानगा संतूही गेला. एकवीस-बावीस वर्षांचा संसारी माणूस हो! त्यांनी हे सारं स्वतःच्या अभंगांत सांगितलंय, आणि आपल्याला लाज वाटली, जीव त्रासून गेला, हेही लपवलं नाही.

पुढे तेच तुकोबा म्हणतात की देवा, दिवाळं निघालं ते बरं झालं. बायको-मुलाच्या मरणाबद्दलही ते तसंच कठोर बोलले आहेत. आपण हे कीर्तनात ऐकतो आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगतो, "अहो, देव करतो ते बऱ्यासाठीच." इथं जरा थांबा. तुकोबा हे बोलले स्वतःच्या दुःखाबद्दल, आणि थेट विठ्ठलाशी. रडणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी ते ऐकवलं नाही. ज्याचं दुःख आहे त्यानेच, त्याची वेळ येईल तेव्हा, ते म्हणावं. आपण फार तर जेवणाचा डबा घेऊन जावं.

आणि दुष्काळानंतर त्यांनी केलं काय? गावातलं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त केलं. मग घरातली कर्जखतं बाहेर काढली. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, कारण त्याचाही संसार होता. आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ज्यांच्याकडून येणं होतं तेही त्याच दुष्काळात बुडालेले होते ना! स्वतःच्या घरात भूक बघितल्यावर दुसऱ्याचं थकलेलं कर्ज वेगळं दिसतं. मला वाटतं, हेतू सापडला तो इथं. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन 'राम कृष्ण हरी' हा मंत्र दिला तोही या सगळ्यानंतर.

(जाता जाता एक. कीर्तनात जिजाईंना कजाग म्हणून रंगवतात आणि आपण हसतो. पण कर्जखतं नदीत गेल्यावर चूल कुणी पेटवली, हेही कधी विचारा.)

बमरोलीच्या त्या घरी पुढे काय झालं तेही सांगतो. सासूबाईंनीच एक दिवस पाहुण्यांना सांगितलं की सुनेचं नाव घ्यायचं नाही. व्याजाने पैसे काढून शांत करायची होती, ती थांबवली. आधी आयुष्मान कार्ड आणि दवाखान्याचे कागद जमवले. सुनेने साडीवर टिकल्या लावायचं काम घरी आणलं. शेजारच्या खोलीत ओडिशाचा एकटा कारागीर राहतो, चार वर्षांत याच्याशी धड बोलणं नव्हतं. तो तापाने पडला तेव्हा याच घरातून त्याला दोन वेळची खिचडी गेली. खाटेवरूनच याने सांगितलं, "आधी त्याला द्या, पडून राहणं काय असतं ते मला कळलंय."

याचसाठी देवाने पाय मोडला का? असं मी म्हणणार नाही. पाय अजून दुखतो, दोन महिन्यांचं भाडंही थकलंय. पण ती खिचडी त्या पायामुळेच गेली, एवढं खरं.

या आठवड्याचा अभ्यास : आपल्या घरावर आलेली एक अडचण आठवा. तेव्हा कुणाला दोष दिला होता का, आणि त्या माणसाशी अजून काही बोलायचं राहिलंय का, हे घरात बसून बोला. गुरुवारच्या सत्संगात ज्याला सांगावंसं वाटेल त्याने सांगावं. जो गप्प बसेल त्याला कुणी विचारू नये. येताना त्या घरासाठी ज्वारी-तांदूळ जमेल तेवढं आणावं, पिशवीवर नाव लिहू नये.

॥ राम कृष्ण हरी ॥