सहकाऱ्याची प्रकृती तुम्हाला माहीत आहे का?

वाचकहो, आज प्रथम एक छोटी परीक्षा घेऊ. तुमच्या कचेरीत, शाळेत, दुकानात किंवा कारखान्यात जो माणूस रोज तुमच्या शेजारी बसतो, त्याच्याविषयी चार गोष्टी आठवून पाहा. त्याच्या घरी कोण कोण असते? संध्याकाळी घरी गेल्यावर तो काय करतो? त्याला एखाद्या आजाराची गोळी चालू आहे का? तो अचानक चक्कर येऊन पडला तर निरोप कोणाला धाडायचा?

या परीक्षेत मी स्वतः नापास झालेलो आहे, आणि तेही माझ्याच दवाखान्यात. ती हकिगत आज सांगतो. ज्यांची हकिगत आहे त्यांची परवानगी घेतली आहे. "लिहा, पण नाव घालू नका," एवढेच ते म्हणाले. सगळे गाव त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही अण्णाच म्हणतो.

अण्णा माझे कंपाउंडर. १९९६ साली मी तालुक्याच्या गावी दवाखाना उघडला तेव्हापासून ते माझ्याकडे आहेत. सकाळी नऊला कुलूप काढणार, केसपेपर लावणार, गोळ्यांच्या पुड्या बांधणार, इंजेक्शनच्या कपाटाची चावी खिशात ठेवणार. कोणत्या रुग्णाला कोणते औषध सोसत नाही हे माझ्याआधी त्यांना आठवते. मी "अहो अण्णा" म्हणायचे आणि त्यांनी "आलो साहेब" म्हणायचे, यातच आमची तेवीस वर्षे गेली.

१२ जुलै २०१९, आषाढी एकादशीचा दिवस. सकाळी अकराच्या सुमारास दवाखाना भरलेला होता. आतून मला अण्णांचा चढलेला आवाज ऐकू आला. एका म्हाताऱ्या बाईंवर ते खेकसत होते. हे कधी झाले नव्हते. थोड्या वेळाने एक रुग्ण पुडी घेऊन परत आला. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या मोजून दोनच बांधल्या होत्या. मी बाहेर येऊन सर्वांसमक्ष म्हणालो, "अण्णा, उपास झेपत नसेल तर करू नये माणसाने." ते काहीच बोलले नाहीत. कपाळावर घाम डवरलेला होता, हात थरथरत होते. मला वाटले, राग आला असेल. मी आत जाऊन पुढचा रुग्ण पाहू लागलो.

ती थरथर आणि तो घाम एखाद्या परक्या रुग्णाला असता, तर मी तत्काळ त्याच्या बोटाला सुई टोचली असती. समोर अण्णा होते, म्हणून मी त्यांच्याकडे रुग्ण म्हणून पाहिलेच नाही.

पाच-सात मिनिटांनी अण्णा स्टुलावर बसले आणि भलतेच काहीतरी पुटपुटू लागले. बाकावर भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. त्या उठून दारात आल्या आणि म्हणाल्या, "अवं डाक्टर, अण्णास्नी शुगर हाय न्हवं? आमच्या मालकांबरोबरच तर गोळ्या आणत्यात मेडिकलातनं."

मावशींना ठाऊक होते. मला नव्हते.

ग्लुकोमीटरवर आकडा आला ४१. निरोगी माणसाची साखर उपाशीपोटी साधारण ७० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. ७० च्या खाली गेली की धोक्याची सूचना, ५४ च्या खाली गेली की मेंदूला साखर अपुरी पडू लागते. माणूस चिडतो, चुका करतो, बरळतो. आणखी खाली गेली तर झटके येतात, बेशुद्धी येते. पुष्कळदा लोक अशा माणसाला दारू प्यालेला समजून बाजूला बसवून ठेवतात. तेवढ्या वेळात जिवावर बेतू शकते.

अण्णांना गिळता येत होते, म्हणून तीन मोठे चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून दिले. निर्जळी होती, ते तोंड फिरवू लागले. मावशींनी "इठ्ठलाचंच हाय, प्या" म्हणून दटावले आणि पाजले. पंधरा मिनिटांनी साखर ६६ झाली. पुन्हा तेवढेच ग्लुकोज दिले, ९० च्या वर गेली, अण्णा भानावर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पेशंट किती राहिलेत?"

आता कोणती गोळी घेता ते विचारले. ग्लायबेनक्लामाईड ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. चार वर्षांपूर्वी भावाला परगावच्या दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा तिथेच स्वतःचीही साखर तपासून घेतली, वाढलेली निघाली. तेव्हा मिळालेली चिठ्ठी दाखवून ते गोळ्या आणत होते. मधल्या काळात एकदाही तपासणी नाही. एकादशीलाही सकाळची गोळी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही हे त्यांनी माझ्याच तोंडून हजार वेळा ऐकलेले!

इथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या गोळीचा अंमल लांबतो, आणि मूत्रपिंड थोडे अशक्त असेल तर फारच लांबतो. एकदा ग्लुकोज पाजून साखर वर आली म्हणजे संकट टळले असे नाही. ती पुढे चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ पुन्हा पुन्हा खाली येऊ शकते. म्हणूनच वयस्कर रुग्णांना ही गोळी शक्यतो देऊ नये, असे आता मानले जाते. अशा रुग्णाला दाखल करून घेणेच योग्य. माझ्याकडे दोन खाटा आहेत, तिथेच ठेवले. ग्लुकोजच्या सलाईनची बाटली कपाटात आणि कपाटाची चावी कोठे आहे हे मला माहीत नाही, अशी फटफजिती झाली. अखेर अण्णांनीच खिशातून काढून दिली. दुपारी चार वाजता साखर पुन्हा ५८ वर आली. रात्रभर तासा-दोन तासांनी तपासत होतो.

बोटाला सुई टोचताना प्रथमच त्यांचे हात नीट पाहिले. बोटांच्या टोकांची कातडी राठ झालेली. टोकावर सुई लागेना, तेव्हा बोटाच्या कडेला टोचली. (घरी साखर तपासणाऱ्यांनीही कडेलाच टोचावे, दुखते कमी.) मी विचारले, "अण्णा, हे घट्टे कशाचे?" ते हसले. "पखवाजाचे, साहेब."

तेवीस वर्षांत मला हे माहीत नव्हते. माझ्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून मारुतीचे देऊळ आहे. तिथल्या भजनी मंडळात दर गुरुवारी अण्णा पखवाज वाजवतात. आसपासच्या सप्ताहांना त्यांना बोलावणे असते. मी गुरुवारी त्याच रस्त्याने घरी जातो. पखवाज ऐकूही येई, पण कोण वाजवते याची चौकशी मी कधी केली नाही.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. साखर १४२ वर स्थिर झाल्यावर मी अण्णांना माझ्या गाडीतून घरी सोडले. त्यांचे घर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. दोन खोल्या. भिंतीला गवसणीत घातलेला पखवाज. खाली एका ताटलीत कणकेचा गोळा. डाव्या पुडीला ओली कणीक लावली की आवाज खर्जात उतरतो, ते वहिनींनी मला समजावून सांगितले. आतल्या खोलीत खाटेवर अण्णांचे थोरले बंधू. मधुमेहाने पायाला जखम होऊन गुडघ्याखाली पाय काढावा लागलेला. त्यांचे अंग पुसणे, जखम धुणे, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कूस बदलणे, हे सारे अण्णा पहाटे पाचला उठून करतात आणि मग नऊला माझे कुलूप काढतात. ते अधूनमधून दुपारी डुलक्या घेत, त्यावरून मी त्यांना टोकीत असे.

वहिनींनी पारण्याचे ताट वाढले. जेवता जेवता मी विचारले, "एवढे सगळे मला का नाही सांगितले?" अण्णा गप्प. वहिनी म्हणाल्या, "मी सांगत होते हो, साहेबांना दाखवा. तर म्हणायचे, साहेब शुगरच्या पेशंटला किती बोलतात ते मी रोज ऐकतो, आता मी कोणत्या तोंडाने जाऊ? आणि कामावरून काढलं तर?"

घास घशाखाली उतरेना. मी रुग्णांच्या भल्यासाठी ओरडतो, अशी माझी समजूत होती. भिंतीपलीकडे बसलेला माणूस ते ऐकून चार वर्षे आपला आजार लपवीत होता. माझ्या ओरडण्याने आणखी किती जण दवाखान्याची पायरी चढेनासे झाले असतील, त्याची गणती मी करू शकत नाही.

आता उपवासाविषयी, कारण श्रावण, नवरात्र, रमजान, चातुर्मास कोणालाच चुकलेले नाहीत. उपवास करायचाच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे. इन्शुलिन, तसेच ग्लायबेनक्लामाईड, ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड, ग्लिपिझाईड या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी एकाएकी उतरू शकते; डोस बदलावा लागतो, तो स्वतःच्या मनाने बदलू नये. नुसत्या मेटफॉर्मिनने हा प्रकार क्वचित होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी छातीतली धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्या घामावर लक्ष ठेवावे. निर्जळी करूच नये. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे यांनी साखर आधी वर जाते, म्हणजे 'उपासाचे' खाल्ले म्हणून पथ्य पाळले असे होत नाही. साखर उतरल्याचे वाटले तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग काहीतरी खावे. पेढा किंवा चॉकलेट त्या क्षणी उपयोगाचे नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश मिसळते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. त्याला कुशीवर करावे आणि १०८ ला फोन करावा.

मधुमेहासारखीच लपवाछपवी मिरगीची. नोकरी जाईल, लग्न मोडेल या भीतीने माणूस तोंड उघडत नाही, आणि कामावर झटका आला की भोवतीचे लोक कांदा नि चप्पल हुंगवीत बसतात. त्याऐवजी त्याला कुशीवर करा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, दातांत चमचा कोंबू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखान्यात हलवा. मिरगीवर गोळ्या आहेत, आणि त्या नियमित घेतल्या तर बहुसंख्य रुग्णांचे झटके थांबतात.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, म्हणजे काय लोकांच्या घरात डोकवायचे? मुळीच नाही. आपल्याकडे चौकशांना तोटा नाही. पगार किती, मुलीचे लग्न का जमत नाही, पाहुणे कुठले, हे आपण पहिल्याच चहाला विचारतो. झोप लागते का, घरी आजारी कोणी आहे का, सुटीच्या दिवशी काय करता, हे मात्र वर्षानुवर्षे विचारीत नाही. समोरच्याने सांगितलेले पोटात ठेवता येत नसेल तर विचारूच नये. कोणाचा आजार दुसऱ्याला सांगायचा की नाही हे ज्याचे त्यानेच ठरवायचे. मधुमेह किंवा मिरगी असणाऱ्यांनी मात्र कामावरच्या एका तरी विश्वासातल्या माणसाला सांगून ठेवावे आणि टेबलाच्या खणात साखरेची पुडी ठेवावी.

अण्णांच्या तपासण्या केल्या. मूत्रपिंडावर थोडा परिणाम दिसला. गोळी बदलली, साखर एकदम न पाडणारी दिली. पायांची तपासणी आता दर तीन महिन्यांनी होते. भावासाठी सकाळी एक मदतनीस बाई येतात. त्यांचे पैसे कोण देते यावर अण्णा आणि मी अजून वाद घालतो. गुरुवारी संध्याकाळचा दवाखाना साडेसातला बंद होतो. मी एक-दोनदा देवळात जाऊन टाळ धरला, पण माझा हात मागे पडतो असे मंडळाचे मत आहे.

तेवीस वर्षांत अण्णांनी वारीसाठी रजा मागितली नव्हती, कारण ओपीडी. करोनामुळे दोन वर्षे पायी वारी झाली नाही. २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा शेवटच्या दोन मुक्कामांसाठी मी त्यांना आग्रहाने पाठवले. पिशवीत ग्लुकोमीटर, ग्लुकोजचा डबा, मऊ तळाचे बूट आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी. निर्जळी करायची नाही, असे कबूल करवून घेतले होते.

वाखरीहून संध्याकाळी फोन आला. मागे टाळ-मृदंगाचा गजर. "साहेब, एकशे अठरा आली." मी म्हटले, छान. मग म्हणाले, "आणि इंजेक्शनच्या कपाटाची चावी सापडली का? मी खिडकीतल्या डब्यात ठेवलीय."

मी दोन दिवस ती चावी शोधत होतो.