हलकी बोल्ट रायफल : रचना, उपयोग आणि मर्यादा



ज्वारी निसवली, मका दुधात आला किंवा भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, की वनालगतच्या शिवारात रानडुकरांचे कळप उतरू लागतात. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत उकरली जाते. अशा दिवसांत शेतकरी मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो. "सर, ठासणीच्या बंदुकीऐवजी एखादी हलकी रायफल मिळाली, तर डुकरांचा बंदोबस्त होईल का?"

प्रश्न रास्त आहे. परंतु कोणतेही अवजार घेण्यापूर्वी ते कोणत्या कामासाठी व कोणत्या जमिनीसाठी बनविले आहे, हे आपण पाहतो. रायफलीच्या बाबतीतही तसेच पाहावयास हवे. येथे फरक इतकाच, की नांगर चुकला तर तास वाकडे जाते. रायफल चुकली तर माणूस जातो. म्हणून या लेखात हलक्या, सर्वसाधारण कामाच्या बोल्ट रायफलीची रचना, तिचा वापर आणि आपल्या शिवारातील तिच्या मर्यादा यांची माहिती दिली आहे.

बंदूक आणि रायफल यांतील फरक

पीक राखणीसाठी वापरली जाणारी ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक आतून गुळगुळीत नळीची असते. तिच्यातून सुटलेले छरे पसरत जातात व हवेच्या विरोधाने त्यांचा जोर लवकर कमी होतो. बारीक छरे साधारण अडीचशे मीटरच्या आत जमिनीवर पडतात.

रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री आटे असतात. या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती वेगाने फिरत बाहेर पडते. फिरता भोवरा जसा आरीवर स्थिर राहतो, तशी ही लांबट गोळी फिरत असल्यामुळे न कलंडता सरळ जाते. उदाहरणादाखल ७.६२ मि.मी. काडतुसाची सुमारे ९.७ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. नळी वर धरून झाडल्यास ती तीन किलोमीटरपेक्षाही दूर जाऊ शकते. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बोल्ट कसा काम करतो?

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा सरकणारा पोलादी दांडा. दाराची कडी उचलून सरकवावी व पुन्हा खाली पाडावी, तशीच त्याची चाल असते.

१) मूठ वर उचलली की बोल्टचे दाते खाचेतून सुटतात.
२) बोल्ट मागे ओढला की रिकामे पुंगळे बाहेर फेकले जाते.
३) बोल्ट पुढे ढकलला की मॅगझिनमधील पुढचे काडतूस नळीच्या घरात बसते.
४) मूठ खाली पाडली की दाते खाचेत अडकतात व नळीचे तोंड मागून पक्के बंद होते.

जर्मनीच्या १८९८ सालच्या माउझर रायफलीत बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन दाते व मागे सुरक्षिततेसाठी तिसरा दाता दिलेला होता. आजच्या बहुतेक बोल्ट रायफली याच रचनेच्या वंशातील आहेत. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री ही ली-एनफिल्ड जातीची बोल्ट रायफल होय. तिचे दाते बोल्टच्या मागच्या बाजूस असतात. त्यामुळे तिची चाल आखूड व झपाट्याची असते.

बोल्ट रायफलीत सुटे भाग थोडे असतात, बिघाड कमी होतो व सफाई सोपी जाते. आणखी एक गुण महत्त्वाचा आहे. बोल्ट मागे ओढलेला असला की नळीचे घर रिकामे आहे की भरलेले, हे डोळ्यांनी दिसते व बोटाने चाचपता येते.

हलकेपणाचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याची ली-एनफिल्ड क्रमांक ४ ही रायफल सुमारे ४.१ किलो वजनाची व १.१३ मीटर लांबीची होती. जंगलात वावरण्यासाठी ती अवजड पडे. म्हणून १९४४ साली तिचीच आखूड आवृत्ती, क्रमांक ५, तयार करण्यात आली. तिचे वजन सुमारे ३.२ किलो व लांबी सुमारे १ मीटर होती. 'जंगल कार्बाइन' या नावाने ती ओळखली जाते.

वजन जवळजवळ एक किलोने कमी झाले, पण त्याची किंमतही मोजावी लागली. आखूड नळीच्या तोंडाशी जाळाचा मोठा लोळ दिसे, म्हणून पुढे नरसाळ्यासारखे टोपण बसवावे लागले. खांद्याला बसणारा धक्का वाढला, म्हणून दस्त्याला रबराची गादी लावावी लागली. शिवाय एकदा जुळविलेला नेम टिकत नाही, अशी तक्रार होऊ लागली. अखेर १९४७ साली तिचे उत्पादन थांबविण्यात आले.

धक्का का वाढतो, ते साध्या हिशेबाने समजते. गोळी व दारूचा वायू जेवढ्या रेट्याने पुढे जातात, तेवढाच रेटा रायफलीला मागे बसतो. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन निम्मे केले, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. वर सांगितलेल्या ७.६२ मि.मी. काडतुसाने ४.५ किलोच्या रायफलीत सुमारे १६ ज्यूल, तर ३ किलोच्या रायफलीत सुमारे २४ ज्यूल ऊर्जेचा धक्का बसतो. धक्क्याची भीती बसलेला माणूस बार काढण्याआधीच डोळे मिटतो व चापाला हिसका देतो, आणि नेम चुकतो. म्हणजेच हलकी रायफल दिवसभर खांद्यावर बाळगण्यास सोयीची, परंतु बार काढण्यास अवघड. तिला सराव अधिक लागतो, कमी नव्हे.

स्काऊट रायफल : एक अभ्यासण्यासारखे उदाहरण

या सर्व बाबींचा मेळ घालण्याचा प्रयत्न अमेरिकेतील जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी केला. ते नौसैनिक दलातील निवृत्त अधिकारी होते. ॲरिझोना राज्यातील पॉल्डन येथे १९७६ साली त्यांनी नेमबाजी शिक्षणाची संस्था सुरू केली. तेथे १९८३ व १९८४ साली जाणकारांच्या बैठका घेऊन त्यांनी सर्वसाधारण कामाच्या हलक्या रायफलीचे निकष ठरविले. एकट्याने पुढे जाऊन टेहळणी करणाऱ्या माणसावरून तिला 'स्काऊट' हे नाव दिले. मुख्य निकष असे :

१) वजन : दुर्बीण व पट्ट्यासह ३ किलो, फार तर ३.५ किलो.
२) लांबी : १ मीटरच्या आत.
३) काडतूस : .३०८ विंचेस्टर, कारण ते सर्वत्र मिळणारे व पुरेशा ताकदीचे होते.
४) दुर्बीण : दोन ते तीन पट मोठे दाखविणारी, नळीवर पुढे बसविलेली. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, आजूबाजूचे दिसत राहते व काडतुसे भरण्यास वरची बाजू मोकळी राहते.
५) दुर्बीण बिघडल्यास उपयोगी पडेल अशी साधी माशी व मागील कडे.
६) पट्टा : खांद्यावर अडकविण्याबरोबरच नेम धरताना दंडाला ताण देऊन हात स्थिर करणारा.

ऑस्ट्रियातील स्टायर कंपनीने कूपर यांच्या सहभागाने अशी रायफल तयार करून १९९८ साली बाजारात आणली. दस्ता लाकडाऐवजी प्लॅस्टिकचा करून वजन राखले, पुढच्या भागात घडीचे दोन पाय बसविले आणि दस्त्यात जादा मॅगझिन ठेवण्याची सोय केली. २०११ साली अमेरिकेतील रूगर कंपनीनेही याच धर्तीची रायफल काढली.

दोषही सांगितले पाहिजेत. पुढे बसविलेल्या दुर्बिणीत, सूर्य पाठीमागे असल्यास काचेवर चकाकी येते. तिन्हीसांजेला व रात्री अशा लहान दुर्बिणीतून स्पष्ट दिसत नाही. म्हणजे ही रायफल मोकळ्या रानात, दिवसाउजेडी, पायी फिरणाऱ्या एका माणसासाठी आहे. आपल्या राखणीची वेळ मात्र नेमकी रात्रीची असते.

वापराचे मूलभूत नियम

कूपर यांनी शस्त्र हाताळणीचे चार नियम रूढ केले. बंदूक कोणतीही असो, ते पाठ असावेत.

१) प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून हाताळावे.
२) ज्याचा नाश करावयाचा नाही, त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही जाऊ देऊ नये.
३) नेम लक्ष्यावर बसेपर्यंत बोट चापावर ठेवू नये.
४) लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री केल्याशिवाय बार काढू नये.

नेम धरताना शक्यतो बसून किंवा टेकून धरावा. उभ्याने धरलेला नेम सर्वांत अस्थिर असतो. श्वास अर्धा सोडून थांबावे व चाप हळूहळू दाबत न्यावा. गोळी सरळ रेषेत जात नाही, ती खाली येत असते, हेही ध्यानात घ्यावे. २०० मीटरवर नेम जुळविलेल्या .३०८ रायफलीची गोळी १०० मीटरवर सुमारे ५ सें.मी. वर, तर ३०० मीटरवर सुमारे २० ते २५ सें.मी. खाली लागते.

आपल्या शिवारात काय होईल?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सपाट शिवारात उभे राहून दीड मीटर उंचीवरून आडवी झाडलेली गोळी, काही आड न आल्यास, जमिनीला टेकेपर्यंत सुमारे ४०० मीटर जाते. तेथेही ती थांबेलच असे नाही. दगडाला लागून उडाली तर आणखी पुढे जाते. ज्वारीची किंवा उसाची ताटे तिला अडवू शकत नाहीत. मागे डोंगराची किंवा उंच बांधाची मातीची भिंत असेल तरच गोळी थांबते. ॲरिझोनातील ओसाड माळावर मैलोन्मैल वस्ती नसते. आपल्याकडे एका हाकेच्या अंतरावर दुसरा शेतकरी माळ्यावर राखण करीत असतो, पलीकडे वस्ती असते आणि मधल्या पाऊलवाटेने पाणी धरणारा गडी चाललेला असतो.

लहानपणीची एक रात्र मला आठवते. आमच्या चुलत्यांकडे ठासणीची बंदूक होती. माळ्यावर त्यांच्याबरोबर मी बसलो होतो. पिकात खसखस झाली. चुलत्यांनी बंदूक उचलली, पण चाप दाबला नाही. मी म्हणालो, "काका, जाईल ना ते!" ते म्हणाले, "जाऊ दे. दिसल्याशिवाय बार नाही." थोड्या वेळाने पिकातून शेजाऱ्यांचे चुकलेले वासरू बाहेर आले आणि त्याच्या मागोमाग, विझलेली बॅटरी हातात घेऊन, स्वतः शेजारी. त्या रात्री पिकाचे थोडे नुकसान झाले असते तरी चालले असते.

कायद्याची बाजू

१) शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर होऊ शकते. वरील हिशेब पाहता, आखूड पल्ल्याच्या शस्त्राला दिलेले हे प्राधान्य शेतकऱ्याच्या हिताचेच आहे.
२) .३०३ व ७.६२ मि.मी. ही लष्करी काडतुसे चालणाऱ्या रायफली सर्वसामान्य परवानाधारकास मिळत नाहीत. म्हणूनच आपल्याकडे ली-एनफिल्डच्याच धर्तीवर .३१५ बोअरची वेगळी रायफल बनविली गेली.
३) शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे, पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याबाबतही वन खात्याच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची परवानगी लागते. मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो.
४) कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा रायफलीला पर्याय नाही. त्या तारेला डूक्कर व माणूस यांतील फरक कळत नाही.

निगा व साठवण

परवानाधारक शेतकऱ्यांनी शस्त्र व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत. बोल्ट रायफल असल्यास बोल्ट काढून तिसऱ्या जागी ठेवावा. पावसाळ्यात नळी कोरडी पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. वापरण्यापूर्वी नळीतील तेल पुसून काढावे आणि नळीत चिखल किंवा चिंधी अडकलेली नाही, हे बोल्ट काढून उजेडाकडे धरून पाहावे. अडथळा असलेली नळी फुटू शकते. दारू प्यालेल्या माणसाच्या हाती शस्त्र देऊ नये.

राखणीस बसण्यापूर्वी दिवसा शेतात जाऊन कोणत्या दिशेला वस्ती, वाट, विहीर व शेजाऱ्याचा माळा आहे ते पाहून ठेवावे. त्या दिशा बारासाठी कायमच्या बंद समजाव्यात. जमिनीवरून आडवा बार काढण्यापेक्षा उंच माळ्यावरून जवळच्या लक्ष्यावर खाली रोखलेला बार कमी धोक्याचा, कारण मागे जमीन येते. मात्र मुरमाड किंवा खडकाळ जमिनीवर गोळी उसळू शकते. शेजारच्या राखणदारांशी रोज संध्याकाळी बोलून कोण कोठे बसणार, हे ठरवून घ्यावे.

थोडक्यात, हलकी बोल्ट रायफल हे उत्तम विचार करून घडविलेले अवजार आहे, परंतु ते मोकळ्या रानाचे आहे. दाट वस्तीच्या, रात्रीच्या राखणीच्या शिवारात तिचा लांब पल्ला हा गुण नसून जोखीम आहे. डुकरांच्या बंदोबस्तासाठी सामूहिक राखण, चांगले कुंपण व वन खात्याकडे वेळेवर तक्रार यांवर भर द्यावा. आणि हातात ठासणीची बंदूक असो वा रायफल, दिसल्याशिवाय बार नाही.