अपघात करून निघून जाणे : शरीअतची दृष्टी आणि आपले कर्तव्य



काही काळापूर्वी इशाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे थांबला. सर्व जण गेल्यावर त्याने हळू आवाजात विचारले, "मौलाना, कफ्फाऱ्याचे रोजे किती असतात?" कारण विचारले तेव्हा कळले, की पारोळा-एरंडोल रस्त्यावर रात्री त्याच्या गाडीचा धक्का एका मोटारसायकलस्वाराला लागला होता. तो पडलेला याने आरशात पाहिला; पण लोक मारतील या भीतीने गाडी थांबवली नाही. तो मनुष्य जगला की वारला, हेही त्याला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "भाई, रोज्यांचा हिशेब नंतर करू. आधी तो कोण आहे, हे शोधायला हवे."

धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग 53 आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे. मे 2024 मध्ये जळगाव तालुक्यातील रामदेववाडीजवळ भरधाव मोटारीच्या धडकेत एक आई आणि तीन मुले मृत्युमुखी पडली, तेव्हा सारा जिल्हा हळहळला. आपण सर्वांनी न्यायाची मागणी केली. परंतु स्टिअरिंगवर आपला मुलगा असेल, तर आपण काय करू? खरी परीक्षा त्या क्षणी असते.

पवित्र कुरआनच्या सूरह निसामधील 92 व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येचा आदेश आला आहे. हेतू नव्हता, म्हणून जबाबदारी संपली, असे अल्लाहने ठरवले नाही. मृताच्या वारसांना दियत द्यायची आहे, वारसांनी स्वखुशीने सोडली तर गोष्ट वेगळी. आणि कफ्फारा म्हणून गुलाम मुक्त करायचा, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवायचे आहेत. ज्यांच्याशी करार आहे अशा समाजातील व्यक्ती मरण पावली, तरी दियत आणि कफ्फारा यांचा आदेश त्याच आयतीत आहे. म्हणून पडलेला मनुष्य कोणत्या धर्माचा, हा प्रश्नच मनात येऊ नये.

लक्षात घ्या, येथे दोन हक्क आहेत. कफ्फारा हा अल्लाहचा हक्क. दियत हा बंद्यांचा हक्क. रोज्यांनी दुसरा हक्क फिटत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उम्मतच्या ज्या दिवाळखोराचे वर्णन केले आहे, तो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण लोकांचे हक्क बुडवल्यामुळे त्याची पुण्याई इतरांना वाटली जाईल.

धडक अनवधानाने होते. पळून जाणे मात्र जाणूनबुजून केलेले असते. जो उपचाराने वाचला असता, त्याला अंधारात सोडून जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. सूरह माइदाच्या 32 व्या आयतीत एका जिवाला वाचवणे हे साऱ्या मानवजातीला वाचवण्यासारखे म्हटले आहे.

कुणी म्हणेल, "जमावाने ठार मारले असते तर?" ही भीती खोटी नाही आणि कायद्यानेही ती ओळखली आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134 नुसार चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल, तर ती सवलत आहे. पण जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त 24 तासांच्या आत, खबर द्यावीच लागते. म्हणजे घटनास्थळावरून जीव वाचवून निघालात, तरी गाडी घराकडे नव्हे, ठाण्याकडे वळली पाहिजे. वाटेतच 108 वर रुग्णवाहिकेसाठी आणि 112 वर पोलिसांसाठी फोन करता येतो. त्याला एक मिनिट पुरते.

पळून जाण्याचा आणखी एक परिणाम फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वाहन सापडले नाही, तर मृताच्या कुटुंबाला 2022 च्या योजनेनुसार 2 लाख रुपये आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये मिळतात. वाहन ठाऊक असेल, तर चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाखांची तरतूद आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून याहून अधिकही मिळू शकते. म्हणजे आपला नंबर लपवणारा मनुष्य अनाथांच्या तोंडचा घास काढून घेतो. अनाथांचा माल खाणाऱ्यांविषयी सूरह निसाच्या 10 व्या आयतीत किती कठोर इशारा आहे, तो आपण जाणता.

आई-वडिलांनो, रात्रीतून बंपर बदलून आणणारा बाप आणि "कुणाला बोलू नकोस" म्हणणारी आई मुलाला वाचवत नाहीत. स्वतःच्या, माता-पित्याच्या किंवा नातलगांच्या विरोधात जावे लागले, तरी न्यायाची साक्ष द्या, हा सूरह निसाच्या 135 व्या आयतीचा आदेश आहे.

आणि आपण वाटसरू असाल, तर थांबा. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मात्र वाहनाचा नंबर पाहिला असेल, तर साक्ष लपवू नका. सूरह बकराच्या 283 व्या आयतीनुसार साक्ष लपवणाऱ्याचे हृदय गुन्हेगार असते.

तो तरुण दुसऱ्या दिवशी वडिलांसह पोलीस ठाण्यात गेला. मोटारसायकलस्वार जिवंत होता. मांडीचे हाड मोडले होते. मृत्यू झालेला नसल्याने कफ्फाऱ्याचे रोजे त्याच्यावर आले नाहीत. पण खटला आला, उपचाराचा खर्च आला आणि रुग्णालयातील खाटेजवळ उभे राहून माफी मागणेही आले. ते रोज्यांपेक्षा कठीण होते, असे तो म्हणाला.

ज्यांच्या हातून मृत्यू घडला असेल, त्यांनी विम्याची भरपाई दियतमध्ये धरावी का, कफ्फारा कसा द्यावा, हे जाणत्या मुफ्तींना संपूर्ण हकीकत सांगून विचारावे. वारसांनी माफ केले, तरी देशाचा कायदा आपले काम करील, हेही समजून असावे.

अल्लाह आपल्या हातून कुणाचा जीव जाऊ न देवो, आणि चूक घडलीच तर थांबण्याची हिंमत देवो. आमीन.