पणजीच्या खाडीकाठी

जालना जिल्ह्यातील एका शाळेची मुले दोन दिवसांच्या मुक्कामासाठी पणजीस गेली होती. कुंडलिका आणि दुधना या त्यांच्या परिचयाच्या नद्या. पावसाळ्यात दुथडी भरून वाहावे व उन्हाळ्यात वाळवंट होऊन पडावे, हा त्यांचा नित्यक्रम. परंतु नदी उलटी वाहते, असे मात्र त्यांपैकी कोणी पाहिले नव्हते.

मुक्काम फोंतेन्हास या जुन्या वस्तीत होता. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, कौलारू छपरे आणि अरुंद गल्ल्या! पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थ लहान झरे असा आहे. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून ते पडले. वस्तीच्या कडेने खाडी जाते. सकाळी ती काठोकाठ भरलेली होती. दुपारी पाहतात तो बराचसा तळ उघडा पडलेला आणि चिखलात बगळे भक्ष्य शोधीत उभे!

"गुरुजी, पाणी गेले कोठे?" एका मुलीने विचारले.

"समुद्राने परत नेले. सायंकाळी आणून देईल," गुरुजी म्हणाले. मांडवीच्या मुखातून शिरणारी भरती या खाडीतही चढते आणि सुमारे सहा तासांनी ओहोटीबरोबर उतरते, हे त्यांनी समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी मुले रायबंदरच्या वाटेने चालत निघाली. दलदलीतून जाणारा सुमारे तीन किलोमीटरांचा हा बांध १६३३-३४ साली लिन्यारिश येथील काउंट या पदवीच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने बांधविला. त्याच्या कडेला खारफुटी व मिठागरे आहेत. गोव्यातील खाजण जमिनींच्या बांधांत 'मानस' नावाची लाकडी दारे असतात. भरतीचा लोंढा आला की त्याच्याच दाबाने दार मिटते. ओहोटीला आतील पाणी ते ढकलून बाहेर पडते. पहारेकऱ्याची गरज नाही! मिठागरात मात्र खारे पाणी मुद्दाम घेतात. उन्हाने ते आटते आणि वाफ्यात मिठाचे खडे उरतात. हे काम फार कष्टाचे. म्हणून ते करणारी घरे आता थोडीच राहिली आहेत.

घाणेवाडीच्या तलावातील गाळ लोकांनी काढला, हे मुलांनी घरी ऐकले होते. त्यामुळे पणजीच्या खाड्यांत साचलेला गाळ व कचरा पाहून एकाने विचारले, "गुरुजी, खाडीचे तोंडच बुजले तर?"

गुरुजींनी पोर्तुगालमधील आवेरो या कालव्यांच्या शहराची हकीकत सांगितली. तेथेही मिठागरे आहेत. बंदरही भरभराटीचे होते. १५७५ साली वादळाने वाळू लोटली व खाजणाचे मुख बुजू लागले. जहाजे येईनाशी झाली, साचल्या पाण्याने तापाच्या साथी पसरल्या आणि माणसे गाव सोडून गेली. समुद्राकडे नवी वाट १८०८ साली खुली झाली. तोवर दोनशे तेहेतीस वर्षे लोटली होती.